उघाडी

आमच्या बांधाला एक दार आहे, आइनाच्या फळ्यांचं.
वर बिजागऱ्या, खाली मोकळं.
ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून खाडीत जातं,
भरतीला खाडीच त्याला दाबून धरते.
माणसाने हात लावायचा नाही.
फटीत काटूक अडकलंय का,
कुर्ल्यांनी बांध पोखरलाय का, एवढं बघायचं.
बेचाळीस वर्षं मी एवढंच बघितलं.

आणि बघता बघता
डाव्या अंगाचं जग कधी आटलं, कळलं नाही.
दुखलं काहीच नाही. ठेचा लागल्या.
उमाजीचा पाडा अंगावर आल्यावरच दिसला.
तारामती म्हणाली,
हल्ली ताटातली चटणी तशीच ठेवून उठता.
मी म्हटलं, तिखट असते.

रत्नागिरीला नर्सने हाक मारली, 'शिगवण, रावजी,'
आणि एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं.
ठिणगी दिसली की बटण दाबायचं.
मी रात्री-रात्री बांधावरून होड्यांचे दिवे मोजलेला माणूस,
म्हटलं, हे तर सोपं.
बटण घामाने ओलं झालं.
एवढ्या वेळात एकही होडी बाहेर पडू नये?
कागद आला. उजव्या डोळ्याचा अर्धा काळा.
डाव्याचा पुरा.

'काचबिंदू,' डॉक्टर मुकादमबाई म्हणाल्या.
'डोळ्यात पाणी तयार होत राहतं,
जायची वाट तुंबलीये. दाब अडतीस.'
रडलो तर उतरेल का, मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत. 'ते पाणी वेगळं.'

पिवळ्या झाकणाची बाटली, मग निळ्या, मग दोन्ही.
मग एक ऑपरेशन; केलेली वाट
अंगानेच तीन महिन्यांत बुजवून टाकली.
शेवटी त्यांनी तळहातावर ठेवून दाखवली
वालाच्या दाण्याहून जरा मोठी चकती,
तिला शेवाळाच्या दोऱ्यासारखी नळी.
'आत झडप आहे. दाब चढला की उघडते,
उतरला की मिटते. आपण काही करायचं नाही.'

म्हणजे उघाडी, मी म्हटलं.

त्यांना शब्द माहीत नव्हता.
फाईलच्या पाठीवर काढून दिली:
शेत, बांध, खाडी, मधे फळी.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
'आणि खारं पाणी आत शिरलंच तर?'
तीन वर्षं भात होत नाही.
'इथे तीनचा हिशेब नाही,' त्या म्हणाल्या.
'गेलेली जमीन गेली. उरलेली राखू.'

आता वाकायचं नाही, घागर उचलायची नाही,
तोंडावर पाणी घ्यायचं नाही. खाडीकाठी राहून.
वरच्या पापणीआड काहीतरी आहे,
दाढेत राहिलेल्या काट्यासारखं,
दुखत नाही, पण जीभ तिथेच जाते तसं
मन तिथे जातं.
तारामती कॅलेंडरवर तिथीशेजारी आकडा लिहिते:
एकादशीला चौदा, परवाच्या चतुर्थीला सोळा.
उधाणाला वाढतो काय, मी विचारून घेतलं.
नाही म्हणाल्या.
तरी अवसेला मी जागाच असतो.

काल बांधापर्यंत चालत गेलो, मंथनचा खांदा धरून.
भरती नुकती लागलेली,
आणि दार मिटल्याचा आवाज आला नाही.
झावळीचा तुकडा बसलाय मधे, मी म्हटलं, उतर, काढ.
पोरगं वाकलं, चिखलात हात घातले.
'कुठे आजोबा? मला तर काय दिसत नाही.'
दोन्ही डोळे शाबूत, नवे कोरे.

डावीकडे, मी म्हटलं,
खालच्या बाजूला. अजून डावीकडे.